चोचीत मिरची धरलेला कावळा

किबोकोनी, मोम्बासा
ता. ३ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप तिमाताईस,
धाकट्या खेरीचा सलाम, वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. ठीक काहीएक नाही.

काल माजेंगोच्या बाजारात मासळी आणायला गेले, तर त्या झुहुराच्या टपरीवर माझा कावळा बसलेला. जिवंत नव्हे गं, बाटलीवरचा. चोचीत लाल मिरची, एक पाय वर, मान तिरकी. माझ्या चिंच-मिरचीच्या चटणीवर नऊ वर्षं आहे तोच. आमच्या गच्चीवर वाळत घातलेली मिरची कावळ्यानं पळवली, मी झाडू घेऊन मागे धावले आणि अथमान हसत हसत तिथंच कोळशानं त्याला भिंतीवर काढून बसला, ते तू ऐकलेलं आहेस. त्या कावळ्यावर माझं घर चाललं. अथमान चार वर्षांपूर्वी ह्याच बयेकडे गेला, मी तलाक मागून घेतला, तेव्हाही कावळ्यानंच मला पोसलं. गिऱ्हाइकाला वाचता येत नाही, पण कावळा सगळ्यांना ओळखू येतो. काल एक ओळखीची बाई माझ्यादेखत तिच्याकडनं बाटली घेऊन गेली आणि वर मलाच म्हणाली, खेरी, तुझी चटणी आता इथंही मिळते, बरं झालं. अंगाचा नुसता भडका उडाला.

आणि तो पाय! पाय असा वर धरलेला एकट्या अथमानच्या हातानंच निघतो. म्हणजे यानंच तिला काढून दिला. माणूस गेला ते मी सोसलं. माझा कावळाही तिच्या ताटात वाढला?

वकिलाच्या कारकुनाकडे गेले. तो म्हणतो, चित्राची नोंद तुमच्या नावावर करता येईल, मग दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. पण चित्र काढलं कुणी? मी म्हटलं, हात नवऱ्याचा, कावळा माझा. तो म्हणाला, बाई, कायद्यात कावळा हाताचा असतो. ज्यानं काढला त्यानं लिहून द्यायला हवं. आणि घाई करा, त्या बाईनं आधी अर्ज टाकला तर तुम्हालाच कावळा उतरवावा लागेल.

आता मी त्याच्या दारात जाऊ? तिच्या दारात? काय करू ते लिही. उपदेश कमी, उपाय जास्त.

तुझी जळकी,
खेरी

———

लामू
ता. १४ फेब्रुवारी १९९६

चि. खेरीस तिमाचे अ. उ. आ.

तुझं पत्र बोटवाल्या शेबवानाच्या हाती मिळालं. त्यानं ते भिजवलंही आणि बहुतेक वाचलंही, कारण देताना फार हसत होता. आता लामूभर तुझा कावळा उडतो आहे.

एक विचारते, रागावू नकोस. तुला कावळा परत हवा आहे की कावळा काढणारा? पत्रात जिथं जिथं कावळा आला, तिथं मागोमाग अथमानही आला. मी मोजत नव्हते, पण डोळ्यांत भरलं.

दुसरं. बाटलीवरचा पाय अथमानचाच, हे तू दुरून ओळखलंस. मग गेल्या साली आपल्या सुआदाच्या लग्नात बायकांना कमरेला गुंडाळायला एकसारखे लेसो कुणी वाटले होते? लोक फुलं छापतात, कोयऱ्या छापतात. तू हौसेनं कावळा छापून घेतलास, आणि खाली ओळ घातलीस: नजर लावशील तर डोळे झोंबतील. मी तेव्हाच म्हटलं होतं, लग्नाच्या कापडावर असले टोमणे शोभत नाहीत. तू म्हणालीस, जिला लागायचा तिला लागेल. आणि एक जोडी मुद्दाम निरोप्याकरवी झुहुराच्या घरी धाडलीस. अगं, मांजराला माशाचा वास तूच दिलास. लेसोची जोडी फाडून अर्धी मैत्रिणीला द्यायची आपल्याकडे रीत. तो कावळा आता किती कमरांवर बसला असेल, कुणी सांगावं.

तेव्हा तोंडात साखर धर आणि त्याच्याकडे जा. सही माग. भांडू नकोस. भांडायचंच तर सही झाल्यावर भांड.

तुझी,
तिमा

———

मोम्बासा
ता. २५ फेब्रुवारी १९९६

तिमाताईस सलाम, वि. वि.

उपदेश कमी म्हटलं होतं. पानभर आला. लेसोची आठवण करून दिलीस त्याबद्दल अल्ला तुला माझ्यासारखीच बहीण देवो.

तोंडात साखर धरून गेले. अंगावर मात्र नवा लेसो होता, त्याच्यावर छापलेलं: दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी गोडच लागतं. काय करू, तोच धुतलेला होता. झुहुरा टपरीत बटाट्याची भजी तळत होती. तिनं माझ्या कमरेवरची ओळ वाचली. ती चार इयत्ता शिकली आहे, मेली. आत गेली, लेसो बदलून आली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्यावर होतं: जिच्या हाती दोरी, तिची विहीर. शेजारणी भज्यांची पुडी हातात धरून अशा उभ्या, जणू आज तमाशा फुकट आहे.

मी विचारलं, अथमान कुठं आहे. ती म्हणाली, आहे, पण भेटत नाही. मी म्हटलं, का, सुलतान झाला का? ती म्हणाली, काम असेल तर मला सांगा, दादी. दादी म्हणाली मला! माझ्यापेक्षा फार तर सात वर्षांनी लहान असेल. तिथून चालत घरी आले, मासळी घ्यायची विसरले.

खरं सांगते, ताई, सही राहिली बाजूला. तो आत बसून तिच्यासाठी कावळे रंगवतो आहे, हेच डोळ्यांपुढे येतं. माझ्या कावळ्यापेक्षा तिचा जास्त काळा आहे. शाई ताजी, हात खुशीतला. माझा काढला तेव्हा आम्ही तेलाच्या भावावरून भांडत होतो.

कारकुनाचा निरोप आला, मार्चअखेर शेवटची तारीख. मी काही तिच्या दारात परत जात नाही. कावळा गेला तर गेला.

तुझी,
खेरी

———

लामू
ता. ६ मार्च १९९६

चि. खेरीस अ. उ. आ.

हे पत्र वाचून लगेच उठ.

अथमान इथं आला होता, त्याच्या आत्याच्या चाळिसाव्याला. मी कॉफी दिली. पेला बशीत असा वाजायला लागला की बायका वळून बघू लागल्या. अर्धी कॉफी अंगातल्या पांढऱ्या कांझूवर सांडली. मग त्यानं उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि हवापाण्याचं बोलत बसला. मी बाहेर गाठून विचारलं. म्हणाला, दीड वर्ष झालं, कुंचला धरता येत नाही. होड्यांवर नावं काढायचं काम सुटलं. कुणाला सांगू नका, आणि खेरीला तर मुळीच नको.

मी तुला सांगते आहे. शपथ मी घेतली नव्हती.

झुहुराचा कावळा त्यानं काढलेला नाही. त्यानंच सांगितलं, तिनं तुझा लेसो छापखान्यात नेला, तिथल्या माणसानं काच ठेवून उतरवला. पाय अथमानचाच दिसतो, कारण तो तुझ्याच कापडावरचा आहे.

जा. आज जा.

तुझी,
तिमा

———

मोम्बासा
ता. २० मार्च १९९६

तिमाताईस सलाम, वि. वि.

गेले. ह्या वेळी साधा लेसो नेसले, फुलांचा, त्यावरची ओळ कुणालाच टोचण्यासारखी नव्हती.

झुहुरानं दार उघडलं. मी म्हटलं, मला कळलंय. ती बाजूला झाली. अथमान चटईवर बसला होता. बारीक झालाय. मला बघून हात पाठीमागे नेला, चोरी पकडलेल्या पोरासारखा. मी म्हटलं, लपवू नकोस, मी हात बघायला आले नाही, सही न्यायला आले. तो म्हणाला, सही आता मलाच ओळखू येत नाही. कारकुनानं अंगठा चालेल, दोन साक्षीदार हवेत, असं सांगितलेलंच होतं. एक साक्षीदार खालचा शिंपी. दुसरी, ऐक, झुहुरा. स्वतःविरुद्ध, वळणदार अक्षरात नाव लिहिलंन तिनं.

मी विचारलं, एवढं सरळ द्यायचं होतं तर चोरलास कशाला? तेव्हा बोलली. लग्न झाल्यापासून त्याच्या मागे लागली होती, माझ्या टपरीलाही एक चित्र काढून द्या. त्यानं मासा काढला, नारळ काढला, माड काढला. सगळे मेलेले. ही म्हणाली, तसा कावळा काढा. तर म्हणाला, तो खेरीचा आहे, दुसरा निघत नाही. मग हात गेला. मग तुमचा लेसो घरी आला, ती म्हणाली, आणि माझं डोकं फिरलं.

ताई, मी तेलात सोडलेल्या महामरी वड्यासारखी फुगले. दुसरा निघत नाही म्हणाला! वाटलं, परत एकदा सांगायला लावावं. पण मी काही कमी नाही, म्हटलं, लेबलं आत्ता काढ. दोघींनी अंगणात बसून बाटल्या पाण्यात बुडवल्या आणि सोलत राहिलो. ती नखांनी, मी सुरीनं. चटणी चाखली तिची. चिंच जास्त घालते. सांगितलं तिला. पुढं काय छापू, म्हणाली. मी म्हटलं, तुझं तोंड छाप, बरं आहे. हसली. दात चांगले आहेत मेलीचे.

कागद कारकुनाकडे पोहोचला. कावळा माझा.

आता हे कुणाला वाचून दाखवू नकोस. अंगठा घेतल्यावर त्याच्या बोटाला शाई राहिली. मी पुढं होणार, तेवढ्यात तिनं लेसोचा कोपरा तेलात भिजवला, त्याचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला, वरून दुसऱ्या हातानं दाबला, आणि हात थांबला. थरथर थांबली, ताई. मग सावकाश पुसली. कुठं दाबलं की थांबतो ते तिला ठाऊक आहे. सतरा वर्षं तो हात माझ्या घरात होता, आणि मला त्याच्यातलं एवढंच ठाऊक होतं की तो कावळा चांगला काढतो. त्या दिवसापासून जळते आहे, आणि ह्यावर कुठल्या कचेरीत नोंद होत नाही.

तिकडं शेला गावाच्या वाटेवर तो म्हातारा हातापायांचं तेल करून देतो ना? दोन बाटल्या घे आणि झुहुराच्या पत्त्यावर धाड. पैसे शेबवानाकडे दिलेत. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव घाल, माझं नको. चोळणारी ती असू दे. तेल माझं असलं म्हणजे झालं.

लोभ आहे तेवढा राहू दे,
खेरी