बांधातलं भगदाड

श्रावण, बुधवार, दिवेलागण

आज दुपारी खाचराचा बांध फुटला आणि लावलेलं भात वाहून जायला लागलं. बांध माझा नि धाकट्या भावाचा सामाईक. फावडं माझ्या हातात होतं, तरी मी त्याच्यावर ओरडत उभा, "यंदा बांध धरायची पाळी तुझी!"

तेवढ्यात सून धावत आली आणि भगदाडाला पाठ लावून पाण्यात बसली. "आबा, भांडा निवांत. मी हाय बसलेली."

मग लाजून दोघांनी चिखल ओढला. अर्धं भात वाचलं.

आता ती काकडतेय. मीच काढा करून दिला, तर म्हणते, "पाळी तुमचीच ना, का काकांना विचारायचं रायलं?"

हसत म्हणाली बिचारी. पण फावडं माझ्याच हातात होतं.