सुई की दुर्बीण

मदिहाच्या अब्बांना, अस्सलामु अलैकुम.

फोनवर बोलवत नाही म्हणून लिहिते. पाठवेन असं नाही.

माझ्या किडन्या गेल्यात हे तुम्हाला ठाऊक आहे. पोलादपूरहून सारखं मशीनवर जाणं झेपेना, म्हणून घरीच पोटातून डायलिसिस करायचं ठरलं. त्यासाठी पोटात नळी बसवावी लागते. डॉक्टर म्हणाले, "जागा बधिर करून सुईने बसवता येते. पण तुमची दोन सिझेरियन झालीत, आतडी चिकटलेली असतील आणि सुईला आतलं दिसत नाही. दुर्बिणीला दिसतं, पण तिला पूर्ण भूल लागते आणि तुमचं हृदय कमजोर आहे. घरच्यांना विचारा."

मी कुवेतला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "तूच ठरव गो, मी ड्युटीवर हाय."

मी दुर्बीण सांगितली. सहीही मीच केली. ऑपरेशनच्या टेबलावर, परत जाग येईल न येईल म्हणून, कलमा म्हटला आणि झोपले. जाग आली तेव्हा मदिहा रडत होती. मला काहीच वाटलं नाही.

नळी चांगली चालते. कशी बसवली, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही.

ईदला याल तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपा. आपल्या खोलीत आता डायलिसिसच्या पाण्याची खोकी आहेत. ती मी हलवणार नाही.

झुबेदा