पहिलं पाऊल मेजरचं

२ जानेवारी १९६८, सायगाव
नव्या वर्षाचे संकल्प. एक : धाकट्या बहिणीशी, न्हुंगशी, भांडायचं नाही. दोन : सिगारेट दिवसाला दोनच. तीन : न्हुंगच्या मुलाची, त्वानची, नदीच्या मुखावरच्या त्या चिखलातल्या चौकीतून सायगावला बदली करून घ्यायची. चौकीत चौदा सैनिक आणि चारशे बदकं. गनिमांनी एखाद्या दिवशी गिळून टाकलं तरी बातमी यायला आठवडा लागेल. सायगाव सुरक्षित आहे.
सिगारेट : पाच. उद्यापासून.

७ जानेवारी, रविवार
अमेरिकन सैन्यातले मेजर व्हिटकम कॉफीला आले. त्यांचं फ्रेंच सुधारावं म्हणून मी त्यांना दर रविवारी बोलावते. सहा महिन्यांत सुधारणा शून्य, पण माणूस मोठ्या ओळखीचा. म्हणाले, गनीम संपले, तक्त्यावरच्या सगळ्या रेघा खाली चालल्यात. मला पटलं. एकतीस वर्षं मुलींना शिकवलंय, दमलेला वर्ग मला दारातूनच कळतो.
मी त्वानच्या बदलीचं बोलले. बघतो म्हणाले. मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला : तेतच्या, म्हणजे आमच्या पंचांगातल्या नव्या वर्षाच्या, पहिल्या सकाळी आमच्या घरात पहिलं पाऊल तुमचं पडू दे. उंबरा आधी ओलांडणाऱ्याच्या पायगुणावर घराचं वर्ष ठरतं. वर्ष वानराचं, मेजर ड्रॅगनच्या वर्षात जन्मलेले, जोडी उत्तम. (माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी नन्सच्या हाताखाली शिकले आहे. हा शिष्टाचार आहे.)
मला काय करावं लागेल, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, काही नाही, फक्त आधी या आणि भरभराट आणा. म्हणाले, त्याचसाठी तर आम्ही या देशात आलोय.

१२ जानेवारी
सहावेभाऊ फुलवाला आला (भावंडांत सहावा, म्हणून सगळे तशीच हाक मारतात). तेतच्या बाजारासाठी अकरा मोठ्या पेट्या झेंडू परसात ठेवू का विचारत होता. या शहरात एवढा एकच सरळ माणूस उरलाय. एकेका पेटीला चार-चार जण लागले. म्हटलं, अरे, एवढं जड काय आहे? "ओली माती, बाईसाहेब." याला म्हणतात चोख विक्रेता, मातीसुद्धा भरपूर घालतो.
पुलावर पोलीस अडवतात म्हणाला, म्हणून चारित्र्याचा दाखला लिहून दिला. माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात, सहीशिक्क्यासह.

१४ जानेवारी, रविवार
मेजरांनी झेंडूच्या पेटीवर बसून कॉफी घेतली. पाय हलवत म्हणाले, तुमच्या लोकांच्या चिकाटीचं मला कौतुक वाटतं.

१९ जानेवारी
शेजारच्या बहिऱ्या घड्याळजीविरुद्ध पोलिसांना तिसरं पत्र. दिवसभर टिकटिक, आणि कुणाशी बोलत नाही. असा माणूस गनीम नसेल तर कोण असेल? माझी नजर चुकत नाही.
सिगारेट : नऊ.

२८ जानेवारी
न्हुंगशी भांडण. गेली वीस वर्षं पहिलं पाऊल तिचं असतं. यंदा मेजर म्हटल्यावर फणकारली. "ताई, वर्षाचं पहिलं पाऊल घरच्या माणसाचं असावं. तुझा तो मेजर पायपुसण्यावरसुद्धा अडखळतो." म्हटलं, हे मी तुझ्याच पोरासाठी करतेय. "माझ्या पोराला काय हवं ते कुणी विचारलंय का?" हेकट बाई. आईवर गेलीय.

३० जानेवारी, तेत
सकाळी ७. दार बंद. नवा रेशमी आव-झाय घातला.
९. न्हुंग आली. झडपेतूनच सांगितलं, अजून नाही. न भांडता गेली. तिच्या बाबतीत हे वाईट लक्षण.
११. त्वान सुट्टीवर आलाय. दोन दिवस वरच्या खोलीत झोपायचं म्हणत होता. म्हटलं, मेजर येईपर्यंत थांब. "मावशी, फरशी तापलीय. निदान एक पाय तरी आत घेऊ दे." खिडकीच्या गजांतून केळीच्या पानातला भात दिला. उभ्या उभ्या खाल्ला. "गनीमसुद्धा आम्हाला इतका वेळ ताटकळत ठेवत नाहीत," म्हणाला आणि आईकडे गेला.
३. मेजरांचा फोन. अचानक हुकूम आलाय, बाहेर पडता येत नाही. उद्या सकाळी आठ, नक्की. म्हणजे दार उद्यापर्यंत बंद.

३१ जानेवारी
सकाळी ६. पहाटेपासून फटाके. यंदा लोकांना ताळतंत्र उरलेला नाही. भिंती हलताहेत. तक्रारीचं पत्र लिहिणार.
६.३०. दारावर थाप. मेजर दीड तास आधी. सुधारणा. दोन्ही हातांनी दार उघडलं आणि फ्रेंचमध्ये स्वागत केलं.
सहावेभाऊ. मागे सात जण. त्याने चपला बाहेर काढल्या, वाकून नमस्कार केला. "शंभर वर्षं जगा, बाईसाहेब. पेट्या न्यायला आलो." झेंडू नीट उपटून माझ्या पायरीवर ओळीने ठेवले. मातीखालून मेणकापडात गुंडाळलेलं जे निघालं, त्याला फूल येत नाही.
जाताना त्याने विचारलं, "तुमचा शिपाई भाचा वर झोपलाय का?"
नाही म्हटलं. मी त्याला आत घेतलंच नव्हतं.
"बरं झालं," म्हणाला. "सणाचा दिवस आहे."
८.००. मेजर नाहीत.
सिगारेट : मोजल्या नाहीत.

४ फेब्रुवारी
संचारबंदी. मेजरांचा फोन, हॉटेलातून. मोठा विजय झालाय म्हणाले. फक्त रस्ता ओलांडता येत नाही.
शांतपणे विचार केला. त्वान आज जिवंत आहे तो माझ्या दूरदृष्टीमुळे. न्हुंगला हे ऐकवायला हवं.

११ फेब्रुवारी
ऐकवलं. तिने फोन आपटला.
दुपारी पोलीस निरीक्षक आले. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले : घड्याळजीविरुद्धचं माझं पत्र, आणि सहावेभाऊचा दाखला. बराच वेळ वाचत बसले. "अक्षर सुंदर आहे, मादाम," म्हणाले. "फक्त नावं उलट घातली आहेत."
घड्याळजी चार दिवस कोठडीत होता. सुटला. त्याच्या दारावरून जाताना मी हल्ली खाली बघते. तो टिकटिक करत असतो.

१७ फेब्रुवारी
मेजरांनी शब्द पाळला. त्वानच्या बदलीचा हुकूम आला : सायगाव, चोलोन विभाग, फाटकावर पहारा. त्या फाटकाला आता फाटक उरलेलं नाही, समोरची गल्ली अजून जळतेय. नदीच्या मुखावरच्या चौकीत मात्र महिनाभर कुणी फिरकलं नाही. बदकं खुशाल आहेत.
मेजरांना फोन केला. मायदेशी गेले.
संध्याकाळी न्हुंग आली, मागे त्वान. दार उघडंच होतं. त्वानने बूट बाहेर काढले आणि आत आला, या वर्षी पहिल्यांदा. मी लगेच कागद घेतला, दौत उघडली. त्याला परत बदकांकडे पाठवा, असा अर्ज मी अशा भाषेत लिहिणार होते की दगडालाही पाझर फुटावा.
त्याने हळूच माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.
"मावशी, तू नको लिहूस," म्हणाला. "माझं अक्षर वाईट आहे. पण मी लिहितो."