तीन जोड आणि एक ओला खडक

प्रिय टणू,

तुझा खोका परवा दुपारी पोचला. चिकटपट्टी तू अशी गुंडाळली होतीस, की आत बूट आहेत की राजघराण्याचे दागिने, असा आईला प्रश्न पडला. कात्री, मग सुरी आणि शेवटी आईचे दात, अशा क्रमाने तो उघडला. तू दिवसभर प्रयोगशाळेत बसून लोकांचे दात घडवतेस, म्हणून कळवतो, की आईचे मूळचेच आहेत आणि शाबूत आहेत. आत डोंगरात पळायच्या बुटांचे तीन जोड निघाले आणि तुझी चिठ्ठी. 'बाबा, हे दुकानातल्या वापरलेल्या बुटांच्या फळीवर ठेवा, कुणाला तरी होतील. मी आता डोंगरात पळणार नाही. उजवा पाय बरा आहे, पण त्याच्यावर माझा विश्वास राहिला नाही. ऐन वेळी दगा देतो.' एवढंच. तू सूत्रं लिहितेस आणि भाष्य माझ्यावर येऊन पडतं. तेव्हा हे लांबणार आहे. सवडीने वाच.

माझी खोड तुला ठाऊक आहे. जुना बूट हाती आला की आधी तो उलटा करायचा. संस्कृत शिकून बूट विकायला बसलेल्या माणसाला वाचायला काहीतरी लागतंच. इतर पंडित पोथ्या वाचतात, मी तळ वाचतो. तुझा करडा जोड आधी घेतला. हलका, पातळ, तळाला आखूड रबरी दात असलेला, घरामागच्या रानातल्या मऊ पायवाटेवर आठ-दहा किलोमीटर जाऊन यायला. उजव्याची बाहेरची कड झिजलेली, कारण पाण्याच्या टाकीजवळचं वळण तू कधी सरळ घेतलंच नाहीस, कडेकडेने कापायचीस. त्या वाटेवर तुला जाडजूड बूट देऊन उपयोग नव्हता. जवळच्या अंतराला पायाला खालची माती कळली पाहिजे, म्हणजे तो आपलं आपण सांभाळतो. पंधरा वर्षांची होतीस तू. घरी आलीस की बूट दारातच काढायचीस आणि मोज्यांचे ओले ठसे थेट स्वयंपाकघरापर्यंत. आई त्या ठशांना 'आलं का वादळ' म्हणायची.

निळा जोड दूरच्या अंतराचा. त्याच्या आधी तू मापाला चोख बसणारे बूट घालून चार तास पळून आलीस आणि पायाची दोन नखं गमावलीस, ते आठवतं? ती नखं तू कागदात बांधून मला दाखवायला आणलीस, तीही ऐन जेवणाच्या टेबलावर. आई म्हणाली, 'हिला वाढू की हिचं शवविच्छेदन करू?' त्यानंतर मी तुला अर्धं माप मोठा निळा दिला, तळाला जाड उशी असलेला, आणि समजावलं, की तीन तासांनंतर पाय सुजतो, पुढे सरकतो, उतारावर बोटं बुटाच्या पुढच्या भिंतीला धडकतात. लांबच्या प्रवासाला पायाला स्वतःची खोली लागते. तू म्हणालीस, 'बाबा, या खोलीत भाडेकरू ठेवता येईल.' पण दुसऱ्या वेळी सगळी नखं घेऊन परत आलीस. त्या निळ्याचा तळ दोन्ही बाजूंनी इतका सारखा झिजलाय, की मी तो खिडकीत धरून बराच वेळ बघत बसलो. दगा देणाऱ्या पायाचा तळ असा झिजत नाही, टणू. बेभरवशाचा पाय एका बाजूला रेलतो, कुठेतरी ओढत चालतो. मी हजारो तळ पाहिलेत.

नारिंगी जोड मी टेबलाखाली सरकवला. त्याच्याकडे येतो.

मधल्या काळात इकडची हालहवाल. बँकेतले नवे साहेब दुकानात आले होते. त्यांना फळीवरचे सर्वात खोल दातांचे बूट हवे होते, कारण ते दिसायला पराक्रमी. मी आपले नेहमीचे तीन प्रश्न विचारले: कुठे जाणार, किती जाणार, पायाखाली काय येणार? उत्तरं आली: बागेत, दोन फेऱ्या, फरशी. मी म्हटलं, साहेब, हे म्हणजे नांगराने केस विंचरण्यासारखं झालं. असले दात चिखलात रुतून पाय धरून ठेवायला असतात. कठीण जागी ते रुतणार कशात? नुसते टोकांवर उभे राहतात. साहेब जरा खट्टू झाले, पण साधा जोड घेऊन गेले. आई आतून म्हणाली, 'एवढे प्रश्न तर आपल्या लग्नाच्या वेळीही कुणी विचारले नव्हते.' मी म्हटलं, विचारले असते तर तू हो म्हणाली असतीस का? त्यावर ती फडकं झटकायला लागली. मला ते जरा लागलं.

तीन प्रश्न विचारल्याशिवाय दुकानातून बूट बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा तुझ्या आजोबांचा नियम. त्यांनी सख्ख्या भावालाही विचारले होते. चाळीस वर्षांत तो नियम एकदाच मोडला, आणि तो मी मोडला.

तुझ्या त्या तीस किलोमीटरच्या शर्यतीआधी चार दिवस पाऊस लागला होता. तू दुकानात आलीस आणि सरळ काळ्या जोडाकडे हात नेलास. बुटके, दाट दात, मऊ रबर, ओल्या दगडाला धरून राहणारं. मी तो तुझ्या हातातून काढून घेतला आणि नारिंगी पुढे केला. चिखलाचा, खोल दातांचा. तू वरच्या कड्याबद्दल काहीतरी बोलायला गेलीस. मी म्हटलं, 'बूट विकता विकता माझे केस पांढरे झालेत, तू पाय पुढे कर.' तू हसलीस आणि पाय पुढे केलास. पाऊस आला म्हणजे चिखल, हा झाला सामान्य नियम. आणि सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान, हे मी एके काळी दोन वर्षं वर्गात शिकवत होतो. पहिले बावीस किलोमीटर चिखल आणि शेवटचे आठ नुसता ओला खडक, हा अपवाद तुझ्या ओठांवर होता. मी तो बाहेर येऊ दिला नाही. गिऱ्हाईक परकं असतं, म्हणून त्याला विचारावं लागतं. तुझ्याबद्दल सगळं मला ठाऊकच होतं ना.

तेविसाव्या किलोमीटरला तू पडलीस. घोटा दोन ठिकाणी मोडला, तीन महिने प्लास्टर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगायचीस, 'मी घाबरले, पाय चुकीचा टाकला.' आत्या आली तेव्हा सांगितलंस, शेजारच्या काकूंना सांगितलंस. मी तिथेच खुर्चीत बसून मोसंबी सोलत होतो.

काल रविवार होता आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता. मी तुझ्या त्या खडकावर गेलो. उजव्या पायात माझ्या मापाचा नारिंगी, डाव्यात काळा. आई थर्मासमध्ये चहा घेऊन आली, कारण नवरा पडणारच असेल तर निदान बसून बघावं, असं तिचं म्हणणं. पहिल्याच ओल्या उतारावर उजवा पाय असा गेला, जणू कुणी खालून ओढून घेतला. मग मी बूट बदलले, उजव्यात काळा, डाव्यात नारिंगी. या खेपेला डावा गेला आणि उजवा खडकाला चिकटून राहिला. पाय तेच, दगड तोच, माणूस तोच, चोपन्न वर्षांचा आणि पोट सुटलेला. दोन्ही वेळा दगा नारिंगीनेच दिला. आई म्हणाली, 'पटलं? आता चहा घ्या, आणि जे दीड वर्षापूर्वी सांगायला हवं होतं ते पोरीला सांगा.' मला वाटत होतं, तिला माहीत नाही.

कारण हे मला काल कळलं नाही, टणू. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी नारिंगी जोड धुवायला घेतला आणि उलटा केला. उजव्या तळाचे दात खडकावर एका सरळ रेघेत तासले गेले होते. म्हणजे पाय सपाट पडला होता, पुरा पडला होता, पडायला हवा तिथेच पडला होता. तू घाबरली नव्हतीस. तुझा पाय बरोबर होता, बूट चुकीचा होता, आणि तो मी दिला होता. मी तो धुतला, वाळवला, तुझ्या कपाटात ठेवला आणि गप्प बसलो. दुकानदाराची लाज हे त्याचं लहान कारण. मोठं कारण असं, की तू पळणं सोडलंस तेव्हा मला बरं वाटलं. सगळं सामान घेऊन नोकरीच्या गावी जाईपर्यंत रविवारी सकाळी तू घरात दिसायचीस, मला फोनकडे बघत बसावं लागत नव्हतं. माझ्या त्या निवांतपणासाठी मी तुला तुझ्याच पायावर अविश्वास ठेवू दिला. हे पत्र त्यासाठी. तुझे जोड मी फळीवर ठेवलेले नाहीत. करडा आणि निळा इथेच जपून आहेत, नारिंगी माझ्या कपाटात राहील. काळा जोड पाठवत नाही, कारण पाठवला तर तो पुन्हा माझाच निर्णय होईल. पळायचं नाही असं तू ठरवलंस तरी माझी हरकत नाही, फक्त ते पायाला दोष देऊन ठरवू नकोस. आणि पळायचं ठरलंच, तर दीड वर्ष उशिरा विचारतो: कुठे जाणार, किती जाणार, पायाखाली काय येणार? या वेळी मी मधे बोलणार नाही. तू सांग.

तुझाच,
उत्तराची वाट पाहणारा
बाबा