टकलीचे केस

मंगळवार, संध्याकाळ. अंबड.

टकलीला केस आले. एका जनुकाची जादा प्रत असलेली ही उंदरीण. त्या प्रतीमुळेच तिच्या नाकावरचे केस गळाले, असं मी धरून चालले होते. खात्रीसाठी तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, तर दोन आठवड्यांत सगळं भरून आलं. जनुकाचा दोष नव्हताच. जुन्या पिंजऱ्यातली तिची बहीण चाटता चाटता केस कुरतडत होती. उंदीर असं करतात हे शिकलेय मी. मग आधी का नाही सुचलं?

प्रयोगशाळेत रोहिणी शेजारच्या टेबलावरून हसली. "अगं, तू जनुक शोधत बसलीस आणि आत न्हावी बसला होता!"

सरांना सांगून टकलीचं नाव प्रयोगातून काढलं. प्रश्न उरला तो तिला ठेवायचं कुठे. एकटी राहिली तर केस टिकतील, पण एकटी असल्यापासून ती नीट खात नाही, कापसाचं घरटंही करत नाही.

"परत टक्कल पडेल हं," रोहिणी म्हणाली.

"पडू दे. जखम तर नाही होत."

बहिणीजवळ सोडलं. बहिणीने लगेच तिचं डोकं पायांत धरलं आणि चाटायला लागली. टकलीने डोळे मिटले. केस वाढवायची घाई फक्त मलाच होती.