खोडावरचा खंड्या

प्रिय चिऊ,

तुझ्या बाबांनी दुर्बीण माळ्यावर टाकली. म्हणजे मला स्टुलावर चढवून टाकायला लावली. ऐन थंडीत, तळं पक्ष्यांनी भरलेलं असताना. त्यावरून काय ते समज.

काचबिंदूचं तुला सांगितलं होतं, पण निम्मंच. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली आहे आणि आता मधलीही धूसर होत चालली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेली परत येत नाही, राहिलेली थेंबांवर टिकली तर टिकली. तरी रविवारी सकाळी कानटोपी घालून बाबा पुढे आणि त्यांची टोळी मागे, हे चालूच होतं. औषधांचे दुकानदार, शाळेतल्या बाई, बाईंची बडबडी नणंद आणि अलीकडे बाबांचा हात धरून मी. मला बदक आणि पाणकोंबडी यातला फरक अजून कळत नाही, पण वाटेतले दगड कळतात. आवाजावरून ते पक्ष्याचं नाव अगदी अचूक सांगायचे, त्यामुळे सगळं निभावून जात होतं.

गेल्या रविवारी तळ्याच्या वळणावर ते थांबले, दुर्बीण लावली आणि पाण्याकडे बोट केलं. खंड्या, म्हणाले, काय ऐटीत बसलाय बघा! तिकडे एक वाळकं खोड होतं, आणि त्यावर काहीही नव्हतं. त्यांचा नियम तुला ठाऊक आहे, दिसला तरच दिसला म्हणायचं. अंदाजाने पक्षी बघणाऱ्याची ते काय सालटी काढायचे! पण दुकानदार म्हणाले, वा! मग बाईंना त्याची निळाई दिसली. नणंदबाईंना तर चोचीतला मासाही दिसला. मीही म्हटलं, हो, दिसला की.

घरी बूट काढता काढता ते म्हणाले, तिथे काही नव्हतं ना? मी उगाच बोट केलं होतं गं, मला समोरचं पाणीसुद्धा नीट दिसत नव्हतं. एकानेही टोकलं नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. चिडले असते तर मला भांडता तरी आलं असतं. तेव्हापासून पलंगाच्या कडेला बसून असतात. दाढी वाढली आहे. मी थेंब घालायला गेले की निमूट मान वर करतात आणि विचारतात, कशाला? मी तरीही थेंब घालते. मी पार हरले आहे, चिऊ.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला थांबवून विचारलं, मुलंबाळं आहेत? हा आजार घराण्यात उतरतो म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि त्याच संध्याकाळी तू फोनवर सांगितलंस, हल्ली दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, कडेने आलेली सायकल दिसलीच नाही, अगदी वेंधळी झालेय मी. तू हसत होतीस आणि मी इथे ओटा धरून उभी होते. उद्याच्या उद्या डोळे तपासून घे. जे निघेल ते खरं कळव, मला बरं वाटावं म्हणून लपवू नकोस. फोनवर मात्र नको. बाबा शेजारीच असतात, कान तिखट आहेत त्यांचे, आणि हे आपल्याकडून तुझ्याकडे गेलं असं कळलं तर ते उरायचे नाहीत. पत्र लिही. पत्र आता त्यांना वाचता येत नाही.

तुझीच,
आई