पाणी न पाहता सांगितलं

२ सप्टें.
सकाळी सहाला बाबांचा फोन. एवढ्या सकाळी कधी करत नाहीत. गावच्या तलावातले मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करून राहिलेत, काही मेलेही. चार दिवस ऊन नाही. "मच्छीमार सोसायटीतले सगळे म्हणतेत, पोरीले विचार. तू शिकून राहिली ना वं? मंग सांग."
बाबांनी आजवर मला माशांबद्दल काही विचारलं नव्हतं. ढिवराच्या घरात मासे शिकायला कॉलेज कशाला, म्हणून अॅडमिशनला दोन महिने अबोला होता. मी लगेच म्हटलं, चुना टाका. एकरी किती तेही सांगितलं. दिवसभर हवेत होते. रूममेट रसिकाला समोसा दिला.

३ सप्टें.
"टाकला चुना. पण जास्तच मरून राहिले." एवढंच बोलले. मागे कोणीतरी ओरडत होतं.
लेक्चर संपल्यावर सरांना गाठलं. त्यांनी विचारलं, "पीएच किती होता? अमोनिया?"
माहीत नाही.
"पाणी न पाहता औषध सांगितलं?"
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माशांच्या खाद्यासाठी टाकलेलं शेणखत खूप झालं असेल तर पाण्यात अमोनिया साठतो. वर चुना टाकला की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. हा प्रश्न मागच्या सेमिस्टरला आला होता. मी उत्तर बरोबर लिहिलं होतं!
बाबांना फोन केला. चुना बंद, शेण बंद, पंपानं पाणी उडवत राहा. का, ते नाही सांगितलं.

४ सप्टें.
प्रॅक्टिकलला नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावाचं पाणी तपासलं. रसिकाला सगळं सांगितलं. ती वर्ध्याची, कास्तकाराची पोर. "फोनवर नको सांगू. जाऊन सांग."
पण बाबा तिथं सगळ्यांसमोर...

५ सप्टें.
सरांकडून पाणी तपासायची पेटी घेतली. भंडाऱ्याची एसटी, पुढे ऑटो. बांधावर पोचायच्या आधीच वास. मेलेले कटला मासे पोत्यांत भरून ठेवलेले. मोठे, विकायला झालेले.
पाणी तपासलं. पीएच नऊच्या वर. अमोनियासाठी थेंब टाकले तर बाटलीतलं पाणी गर्द हिरवं झालं. सोसायटीचे दहा-बारा जण उभे. मी म्हटलं, "चुना टाका हे मी सांगितलं. पाणी न तपासता सांगितलं. माझी चूक झाली."
एक जण म्हणाला, "मंग हिले विचारलंच काहून?" महादू काका म्हणाले, "मासे आधीच मरून राहिले होते गा. पोरीनं काय मारले?"
अर्धं खरं आहे ते. अर्धंच.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातली बाटली घेतली, उजेडाकडे धरली. "हिरवं म्हंजे?"
"वाईट."
"बरं झालं तर कोणता रंग येते? मले दाखव."
पेटीतल्या तक्त्यावरचा पिवळा दाखवला. मग तीनदा स्वतः तपासून पाहिलं त्यांनी. थेंब मोजताना ओठ हलत होते.

६ सप्टें.
परत नागपूर. पेटी बाबांकडेच ठेवली. सरांना काय सांगू?
आईनं डब्यात भात दिला. मासे नव्हते.

९ सप्टें.
सरांना खरं सांगितलं. म्हणाले, "राहू दे त्यांच्याकडे. रोजचे आकडे मला आणून दे." बाबा रोज फोन करतात, रंग सांगतात. "पोपटी." "तसंच." कालपासून मासे मेले नाहीत.

११ सप्टें.
आज बाबा म्हणाले, "पिवळट झालं." मग, "बोटुकली सोडायची म्हणतेत सगळे. माशाचं नवीन बीज. गाडी उद्या सकाळीच येऊन राहिली. सोडू का?"
पुन्हा मला विचारत होते. जिभेवर उत्तर आलं होतं, गिळलं.
"पाणी पाहिल्याशिवाय नाही सांगत, बाबा."
बाबा म्हणाले, "कवा येशीन?"
उद्याच्या पहिल्या एसटीनं, म्हटलं. बाकीचे तोवर गाडी थांबवतील का, ते बाबांनाही माहीत नाही.